ताडपत्री गाडीच्या अंगावर नको, डोक्यावर हवी

ताडपत्री आणि गाडीचं कव्हर या एकाच कामाच्या दोन वस्तू आहेत, हा समज मराठवाड्यात इतका पक्का बसलाय की दर ऑक्टोबरात कुठल्याही गॅरेजवर तेच बोलणं ऐकू येतं. चेन तांबडी पडलेली, स्पोकांवर पुरळ, पुढच्या शॉकअपच्या पाइपावर ठिपके. आणि मालक म्हणतो, "पावसाळाभर ताडपत्रीखाली होती की हो, गंजायली कशी?" मेकॅनिक घासतो, ऑइल मारतो, पैसे घेतो. ताडपत्रीखाली होती म्हणूनच गंजली, हे कुणी सांगत नाही.

ज्याच्या घरी पार्किंग आहे त्याने हे वाचायची गरज नाही. हे त्यांच्यासाठी, ज्यांच्या वाड्याच्या दारातून गाडी आत जात नाही, किंवा लातूर-नांदेडला भाड्याच्या खोलीत राहून जे गाडी बोळात, लिंबाखाली, नाहीतर कंपाउंडच्या भिंतीला लावतात. (चिंचेखाली लावणाऱ्यांना नमस्कार. तिथे प्रश्न पावसाचा नाही, बगळ्यांचा आहे.)

ताडपत्री काय असते हे आपल्याकडे शिकवायला नको. पॉलिथिनच्या पट्ट्यांचं विणकाम, दोन्ही अंगांनी प्लास्टिकचा थर, कडेला रिंगा, भाव जीएसएमवर, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम वजन त्यावर. गाडीचं कव्हर म्हणजे पॉलिस्टर किंवा नायलॉनचं कापड, आतून पाणी अडवणारा लेप, आरशांना खोबण्या, खाली इलॅस्टिक, पोटाखालून बांधायला पट्टा. ताडपत्री स्वस्त, कव्हर नेमक्या मापाचं. ताडपत्रीला विटा ठेवाव्या लागतात, कव्हरला नाही. चंदेरी घ्या, काळं घ्या, त्याने फार बिघडत नाही. मी चंदेरी घेईन, ऊन थोडं परततं. कंपनीचा मोठा लोगो छापलेलं कव्हर मात्र कशासाठी? आत काय आहे ते चोराला सांगायला?

आता मुद्द्याचं. पाणी आत येऊ न देणं ही एक गोष्ट, आणि आतला ओलावा बाहेर जाऊ देणं ही दुसरी. आपण खरेदी करताना फक्त पहिलीकडे बघतो. दुकानदार कापडावर ग्लासभर पाणी ओततो, थेंब मोत्यांसारखे घरंगळतात, आपण खूश. पण गाडी गंजवणारं पाणी बहुतेक वेळा वरून आलेलंच नसतं. ते खालून येतं.

आपली काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून तर कमी पावसातही रब्बी ज्वारी निघते. तीच माती गाडीखाली असते. पाऊस थांबून ऊन पडलं की जमिनीतून वाफ निघू लागते. एरवी ती वाऱ्यावर जाते. पण जमिनीपर्यंत सोडलेल्या आणि चारी बाजूंनी विटांनी दाबलेल्या ताडपत्रीखाली ती कोंडते. तीस अंशांच्या हवेत एका घनमीटरला जास्तीत जास्त ३० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात मावतं. तीच हवा २२ अंशांवर आली की १९-२० ग्रॅमच मावतं. उरलेले दहा ग्रॅम कुठेतरी थेंब होऊन बसणार. रात्री उघड्या आभाळाखाली सगळ्यात आधी थंड होते ती पातळ ताडपत्री, म्हणून थेंब तिच्या आतल्या अंगाला जमतात आणि टाकीवर, सीटवर, चेनवर ठिबकतात. सकाळी ऊन आलं की उलटा खेळ. माती आणि हवा लवकर तापते, इंजिनचं जड लोखंड आणि अॅल्युमिनियम मागे राहतं, आणि दमट गरम हवा त्या थंड धातूला लागून तिथेच पाणी सोडते. दहा ग्रॅम म्हणजे दोन चमचे. पण हे दोन चमचे रोज येतात, कारण खालून माती भरणा करतच असते.

त्यातून दुसरा गोंधळ होतो: गंज पावसाच्या प्रमाणावर ठरतो असं लोकांना वाटतं. तसं नसतं. गंजाचा अभ्यास करणारे पाणी किती पडलं हे बघत नाहीत, धातू किती तास ओला राहिला ते बघतात. हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असेल तर तो तासही ओल्यातच धरतात. उघड्यावर भिजलेली गाडी पाऊस थांबला की वारा-उन्हात दोन तासांत सुकते. ताडपत्रीखालची गाडी एकदाही चिंब भिजत नाही, पण जूनपासून सप्टेंबरपर्यंत ती धड सुकतही नाही. म्हणून नुसती उघड्यावर उभी असलेली शेजाऱ्याची स्प्लेंडर तुमच्या जपलेल्या गाडीपेक्षा बरी दिसते. शेजाऱ्याचं नशीब चांगलं वगैरे काही नाही.

आश्चर्य याचं वाटतं की हे आपल्याला माहीत आहे. सोयाबीन काढणीला आलं आणि परतीच्या पावसाने गाठलं की गंजीवर ताडपत्री टाकतो. आणि ऊन दिसलं की सगळ्यात आधी काय करतो? ताडपत्री ओढून काढतो. ओल्या शेंगा दोन दिवस कोंडल्या तर वाफ धरते, बुरशी चढते, कोंब फुटतात, हे शेतातल्या पोरालाही सांगावं लागत नाही. मग तीच ताडपत्री गाडीवर चार महिने न उचलता कशी काय चालते?

"म्हणजे कव्हर घ्यायचं," असं इथे कुणी म्हणेल. थांबा. बाजारात दोन-तीनशे रुपयांना मिळणारं, 'शंभर टक्के वॉटरप्रूफ' लिहिलेलं बरंचसं कव्हर नावाला कव्हर आणि गुणाने ताडपत्रीच असतं. लेप इतका जाड की वाफही जात नाही. आणि गंमत म्हणजे पाणी तरीही आत येतं, शिलाईच्या भोकांतून. दुहेरी तोटा. शिलाईवर आतून टेप लावलेली आहे का, आणि वरच्या भागात, पाऊस थेट घुसणार नाही अशा झडपेखाली, वारा जायला जाळी आहे का, हे बघा. कापडाची परीक्षा घरीच होते: गरम पाण्याच्या ग्लासावर कापड ताणून धरा, त्याच्या वर स्टीलची ताटली धरा. ताटलीवर धूसर वाफ जमली तर कापड श्वास घेतं. ताटली कोरडी राहिली तर तुम्ही ताडपत्री शिवून आणली आहे.

तरीही स्वस्त कव्हर ताडपत्रीपेक्षा बरं, ते एकाच कारणाने: ते जमिनीपर्यंत येत नाही. चाकाच्या खालच्या भागाशी थांबतं आणि खालून हवा खेळते. काही जण हौसेने दोन नंबर मोठं कव्हर घेतात, मग ते मातीत लोळतं आणि असलेला एकुलता एक गुणही जातो. वीतभर वर राहील असंच माप घ्या. चाकांना थोडा चिखल लागेल, लागू द्या. चाकं त्यासाठीच आहेत.

मग ताडपत्री टाकून द्यायची का? मुळीच नाही. ती छप्पर आहे, तिला छप्पर म्हणून वापरा. भिंतीला दोन हुक, समोर दोन बांबू किंवा पाइप, आरशांच्या दीड हात वर ताडपत्री ताणायची, उतार भिंतीपासून लांब. दोन बाजू पूर्ण उघड्या. आपल्याकडे झड बहुतेक पश्चिमेकडून येते, त्या बाजूला पाहिजे तर पडदा सोडा, पण तोही अर्ध्यापर्यंत. असं छप्पर असेल तर पावसाळ्यात गाडीच्या अंगावर काहीही घालू नये, या मताचा मी आहे. चार तुषार उडतील, वाऱ्याने सुकतील.

आणि फाटकी ताडपत्री? ती खाली अंथरा. मुरमाचा थोडा उंचवटा करा, म्हणजे पाणी साचणार नाही. त्यावर ताडपत्री, त्यावर शहाबादी फरशी, आणि फरशीवर गाडी. मातीची वाफ तिथेच अडते. शिवाय पाऊस झाला की काळ्या मातीत साइड स्टँड रुततो आणि सकाळी गाडी आडवी सापडते, तेही टळतं. मेन स्टँड असेल तर तोच लावा.

उन्हाळ्यात हिशोब पूर्ण बदलतो. मार्च ते मे जमीन भेगाळलेली, हवा कोरडी, परभणी-नांदेडला पारा ४२ च्या वर. तेव्हा ओलाव्याचा प्रश्नच नाही. शत्रू ऊन आणि धूळ. सीटचं रेक्झिन तडकतं, मीटरची काच पिवळी पडते, काळं प्लास्टिक पांढुरकं होतं. इथे कव्हर खुशाल घाला. तीच ताडपत्री अंगावर असेल तर वळवाच्या वाऱ्यात शिडासारखी फुगून गाडी पाडते, नाहीतर रात्रभर फडफडत टाकीचा रंग घासते. उन्हानेही ती स्वतःच झिजते. हलकी निळी ताडपत्री एक-दोन उन्हाळ्यांत हातात चुरा होऊन येते. फक्त कव्हर ओढण्याआधी टाकीवरची धूळ ओल्या फडक्याने काढा. धुळीवरून कव्हर ओढायचं आणि मग ओरखडे आले म्हणून कव्हरला शिव्या द्यायच्या, हे मला बघवत नाही. त्याहून बघवत नाही ती शोरूमची पन्नी वर्षभर सीटवर ठेवलेली नवी गाडी. त्या पन्नीखालीही ओल कोंडतेच.

दिवाळीनंतर गाडी घरी ठेवून ऊसतोडीला किंवा पुण्याला जाणाऱ्यांनी एवढं करावं. तेव्हा जमिनीत ओल असते आणि रात्री दहिवर पडतं, म्हणून धुऊन लगेच झाकू नका. अर्धा दिवस उन्हात सुकवा, चेनला आणि शॉकअपच्या पाइपाला तेलाचा हात द्या, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. टाकी लोखंडी असेल तर काठोकाठ भरून ठेवा, रिकाम्या जागेत दमट हवा राहते. हल्लीच्या २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलला पाणी ओढायची खोड आहे. कार्बोरेटरची गाडी असेल तर कार्बोरेटरमधलं पेट्रोल मात्र काढून टाका. छप्पर असेल तर तेवढंच पुरे. नसेल तर हवा जाणारं कव्हर घाला आणि घरी राहणाऱ्या कुणाला तरी आठवड्यातून एकदा, ऊन बघून, तासभर ते काढून ठेवायला सांगा. त्या निमित्ताने उंदराने घर केलंय का तेही कळेल. वायरिंग कुरतडलेलं चार महिन्यांनी कळण्यापेक्षा बरं. कव्हर आधी काठीने हलवून मगच हात घाला, खाली विंचू निघतो.

आणि ताडपत्री असो की कव्हर, सायलेन्सर गार झाल्याशिवाय काहीही टाकू नका. पॉलिथिन १३० अंशांच्या आसपास वितळतं, आणि गावाहून आलेल्या गाडीचा सायलेन्सर त्याहून कितीतरी गरम असतो.