गस्तीच्या फेऱ्या वाढवल्या की चोऱ्या कमी होतात का?

सोसायटीत घरफोडी झाली की पहिली मागणी ठरलेली: पोलिसांच्या गाडीच्या फेऱ्या वाढवा. नुसत्या फेऱ्यांनी चोर बिचकतात ही समजूत पन्नास वर्षांपूर्वीच तपासून झाली आहे.

अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत ऑक्टोबर १९७२ पासून वर्षभर १५ बीटांवर, म्हणजे पोलिसांच्या गस्तीसाठी आखलेल्या हद्दींवर, प्रयोग झाला. पाच बीटांत गस्त बंद. फोन आला तरच गाडी आत जायची आणि काम उरकून हद्दीबाहेर यायची. पाच बीटांत गस्त दुप्पट-तिप्पट, उरलेल्या पाचांत नेहमीसारखी. घरफोड्या, वाहनचोऱ्या, लोकांना वाटणारी भीती, कशातच म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

म्हणून गस्तच निरुपयोगी, असं म्हणणारेही चुकतात. तपासली गेली ती वाट फुटेल तिकडे फिरणारी गस्त. मिनियापोलिसमध्ये अभ्यासकांना दिसलं की शहरातल्या जेमतेम साडेतीन टक्के पत्त्यांवरून पोलिसांना निम्मे फोन येतात. मग १९८८-८९ मध्ये अशी ११० ठिकाणं घेऊन त्यांतल्या ५५ ठिकाणी जादा गस्त ठेवली. तिथून येणारे गुन्ह्यांचे फोन घटले. आणि खरी गोम पुढेच आहे: गाडी नुसती समोरून गेली तर परिणाम लगेच ओसरतो, १०-१५ मिनिटं थांबली तर ती गेल्यावरही काही वेळ तिथे शांतता टिकते. त्याहून जास्त थांबून फायदा वाढत नाही. त्यामुळे पोलीस ठाण्यात निवेदन देताना फेऱ्यांचा आकडा मागू नका, नेमकी जागा आणि वेळ लिहून द्या.

फिलाडेल्फियात २००९ मध्ये अशाच ६० ठिकाणी पायी गस्त घातली, तेव्हा हिंसक गुन्हे २३ टक्क्यांनी घटले.