बांधकामातील गुणवत्ता, सुरक्षा व व्यवस्थापन : सोलापूर

इमारत ठरल्या ताकदीची आणि ठरल्या खर्चात उभी राहावी, आणि ती बांधणारा माणूस संध्याकाळी धडधाकट घरी जावा, यासाठी कामाच्या जागी पाळायच्या पद्धती. पुस्तकात हे तीन वेगळे विषय असतात, पण साइटवर ते वेगळे काढता येत नाहीत. टेके न तपासता स्लॅब भरला तर तो वाकतो, फुटतो किंवा खालच्या माणसांसकट कोसळतो. तिन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न असतो : चूक दिसल्यावर काम थांबवण्याचा अधिकार कोणाला आहे आणि तो वापरला जातो का.

भारतीय ठेकेदारीच्या इतिहासात सोलापूरला मानाचे स्थान आहे. येथे १८८२ मध्ये जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी काढली आणि भोर घाटातील रेल्वे बोगद्यांसारखी अवघड कामे पार पाडली. अलीकडे कुंभारीजवळ कामगारांच्या मोठ्या वसाहती उभ्या राहिल्या. विडी कामगारांची १०,००० घरे आधी झाली, पुढे रे नगरचा ३०,००० घरांचा प्रकल्प आला आणि त्यातल्या १५,००० घरांचे हस्तांतरण १९ जानेवारी २०२४ रोजी झाले. शहरात रोज उभी राहणारी बहुतेक बांधकामे मात्र एक-दोन मजली घरांची असतात. तिथे इंजिनियर आठवड्यातून एकदा येतो आणि सगळा भार मिस्त्री वाहतो. या नोंदीत मुख्यतः अशाच कामांचा विचार केला आहे.

जमीन आणि पाया

सोलापूरची जमीन दख्खनच्या काळ्या पाषाणावरची. वर काळी माती, खाली मुरूम, मग मांजरा, म्हणजे अर्धवट झिजलेला मऊ खडक, आणि शेवटी कठीण खडक असा क्रम साधारणपणे सापडतो. माळावर काळी माती हातभर असते, तर सीना-भीमेच्या बाजूला आणि ओढ्यांच्या काठाने ती पुरुषभर किंवा त्याहून खोल जाते. एकाच प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत फरक पडतो. म्हणून एका खड्ड्यावर निर्णय घेणे धोक्याचे. छोट्या घरालाही निदान चार कोपऱ्यांत आणि मध्ये खड्डे घेऊन पाहावे.

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळून आकसते. तिची परीक्षा सोपी आहे. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली १० ग्रॅम कोरडी माती दोन नळ्यांत घ्यायची. एकीत पाणी भरायचे, दुसरीत रॉकेल, आणि २४ तासांनी दोन्हींतल्या मातीचे आकारमान वाचायचे. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातले आकारमान त्याच्या दीडपट किंवा जास्त भरले, म्हणजे फुगवटा ५० टक्क्यांवर गेला, तर साध्या उथळ पायाचा विचार सोडावा. थर पातळ असेल तर माती पूर्ण काढून घट्ट मुरमावर पाया ठेवावा. थर खोल असेल तर निदान ३.५ मीटर खोल, तळाशी फुगा असलेले पाइल (जमिनीत नेलेले काँक्रीटचे खांब) घेतात आणि वर जोत्याच्या पातळीवरच्या प्लिंथ बीमने सगळे बांधून टाकतात.

सर्वांत जास्त घरे बिघडतात ती जोत्याच्या भरावात. पायातून निघालेली काळी माती फुकट असते म्हणून तीच जोत्यात ढकलली जाते. दोन पावसाळे गेले की हॉलमधली फरशी मधोमध उचलते, दारे घासू लागतात, खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघतात. दोष गवंड्याला दिला जातो. चूक भरावाची असते. भराव मुरमाचाच हवा. १५० ते २०० मिलिमीटरचा एकेक थर पाणी मारून धुमसायचा आणि मगच वरचा थर टाकायचा. घराभोवती मीटर-दीड मीटर रुंदीची, बाहेर उतार दिलेली फरसबंदी केली तर पावसाचे पाणी पायाशी मुरत नाही. खोदलेला खड्डा पावसात उघडा राहिला असेल, तर तळाची भिजलेली माती खरवडूनच काँक्रीट टाकावे.

भूकंप

आयएस १८९३ या भूकंपाविषयीच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत सोलापूर भूकंपाच्या तिसऱ्या विभागात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला झालेल्या भूकंपात मातीतल्या दगडी भिंती आणि त्यांवरची माळवदे कोसळून हजारो माणसे गेली. त्या भिंतींचे आतले व बाहेरचे थर एकमेकांना बांधलेले नव्हते आणि वर फूट-दोन फूट मातीचे ओझे होते. सोलापूरच्या जुन्या पेठांत अशा भिंती आजही आहेत. दुरुस्ती करताना दर ६०० मिलिमीटर उंचीवर आणि आडवे दर १.२ मीटरवर आरपार बांधदगड घालणे, लिंटेलच्या, म्हणजे दार-खिडक्यांच्या माथ्याच्या, पातळीवर सलग पट्टा फिरवणे आणि माळवदाचे ओझे कमी करणे ही कामे आधी करावीत. गिलावा मागाहून झाला तरी चालतो.

आरसीसी कामात (सळई घातलेल्या काँक्रीटमध्ये) भूकंपाचा प्रश्न रिंगांवर, म्हणजे मुख्य सळयांना वेढणाऱ्या कड्यांवर, येऊन ठेपतो. रिंगचे टोक ९० अंशांत वळवलेले असेल तर हादऱ्यात कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, उडते आणि रिंग उघडते. टोक १३५ अंशांत आत वळवून किमान ६५ मिलिमीटर पुढे न्यायचे. कॉलमच्या वरच्या व खालच्या भागात रिंगांचे अंतर १०० मिलिमीटरपेक्षा जास्त ठेवायचे नाही. सळई बांधणाऱ्या फिटरला ही वळणे वेळखाऊ वाटतात, कारण त्याला टनावर पैसे मिळतात. त्याच्याशी बोलताना हे आधीच ठरवून घेतलेले बरे.

साहित्य

सळईचे वजन साइटवरच तपासता येते. व्यासाचा वर्ग करून १६२ ने भागले की मीटरमागे किलो मिळतात. १२ मिलिमीटरला ०.८९ किलो आणि १६ ला १.५८. १२ व १६ च्या सळईत ५ टक्क्यांपर्यंत फरक चालतो. त्याहून हलकी सळई परत पाठवावी.

नदीच्या वाळूची जागा आता बरीचशी क्रश सँडने, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूने, घेतली आहे. चांगली क्रश सँड ही चाळलेली, धुतलेली आणि आकार दिलेली असते, पण तिच्या नावाखाली खाणीतली नुसती भुकटीही ट्रकभर येते. तिच्यासाठी जास्त पाणी लागते आणि पाण्याबरोबर ताकदही जाते. दगडाच्या क्रश सँडमध्ये १५० मायक्रॉनखालचा बारीक भाग २० टक्क्यांपर्यंत चालतो. नदीची वाळू असेल तर काचेच्या नळीत मिठाचे पाणी घालून हलवावी आणि तीन तासांनी वर बसलेला गाळ मोजावा. ८ टक्क्यांवर गाळ दिसला तर वाळू धुवावी. ओलसर वाळू फुगते, तिचे आकारमान पाव हिश्श्यानेही वाढते. घमेल्याने मोजणाऱ्याने हे धरले नाही तर मिश्रणात वाळू कमी पडते.

जिल्ह्यातच फताटेवाडीला एनटीपीसीचा १,३२० मेगावॉटचा कोळशावरचा प्रकल्प असल्याने राख जवळ मिळते, आणि बाजारात पीपीसी, म्हणजे राखमिश्रित सिमेंट, सर्रास चालते. ते उत्तम सिमेंट आहे, पण त्याला ताकद सावकाश येते. त्याला पाणी जास्त दिवस मारावे लागते आणि सेंट्रिंगही (काँक्रीट धरून ठेवणारा साचा आणि टेके) जास्त दिवस ठेवावे लागते. सोलापुरातल्या कितीतरी स्लॅबची हानी एवढी एक गोष्ट न पाळल्याने होते.

बोअरचे पाणी चवीला मचूळ लागले तर ते तपासून घ्यावे. आरसीसीसाठी लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड चालत नाही, कारण त्याने सळई आतून गंजते.

स्लॅबचा दिवस

हजार चौरस फुटांचा, १२५ मिलिमीटर जाडीचा स्लॅब घेऊ. बीम सोडून काँक्रीट होते सुमारे ११.६ घनमीटर, आणि एम २० साठी (२८ दिवसांनी चौरस मिलिमीटरला २० न्यूटन ताकदीच्या काँक्रीटसाठी) घनमीटरमागे ८ पोती धरली तर सिमेंट लागते ९३ पोती. ओल्या काँक्रीटचे वजन घनमीटरमागे अडीच टनांच्या आसपास, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर तीनशे किलोंहून जास्त ओझे. माणसे आणि यंत्रे वेगळी. हे सगळे टेक्यांवर.

म्हणून भरण्याच्या आदल्या दिवशी खालून फिरून टेके पाहावेत. बल्ली मध्ये जोड देऊन लांब केलेली आहे का? टेका भरावाच्या मातीवर, दोन विटा ठेवून उभा केला आहे का? भरावावर उभा राहिला तर खाली जाड फळी हवी. उंची तीन मीटरच्या वर असेल तर दोन्ही दिशांनी आडव्या पट्ट्या बांधायच्या. काँक्रीट एका जागी ढिगाने ओतायचे नाही. ढीग पडला की त्याखालचा टेका सुटतो आणि शेजारचेही त्याच्यामागे जातात. भरणे चालू असताना एक जाणता सेंट्रिंगवाला बाहेरच्या बाजूने टेक्यांवर लक्ष ठेवून असावा. सेंट्रिंगखाली कोणीही नसावे.

वर गेल्यावर कव्हर ब्लॉक पाहावेत : स्लॅबला २० मिलिमीटर, कॉलमला ४०, पायाच्या फूटिंगला ५०. खडीचा तुकडा सरकवून कव्हर राखता येत नाही. गॅलरीच्या छज्जाची मुख्य सळई वरच्या बाजूला असते, आणि पाट्या वाहणाऱ्यांच्या पायांखाली ती दबून खाली जाते. तिथे बांधलेल्या खुर्च्या (सळई वर धरणारे वाकवलेले तुकडे) आणि चालायला फळ्या लागतात. छज्जे पडतात त्याचे हे मोठे कारण आहे.

पन्नास किलोच्या पोत्याला एम २० साठी ३० लिटरपेक्षा जास्त पाणी नको, खडी-वाळूतला ओलावा त्यातच धरायचा. माल सरकत नाही म्हणून डबाभर पाणी वाढवण्याची सवय सगळीकडे आहे. सरकण्यासाठी व्हायब्रेटर आहे, नाहीतर प्लास्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता माल सैल करणारे रसायन. व्हायब्रेटर खाली गेला की बुडबुडे थांबेपर्यंत ठेवून हळू वर काढायचा. तो वापरला नाही तर काँक्रीटमध्ये पोकळ्या राहतात, आणि मिस्त्री त्यांना सिमेंटचा लेप लावून झाकतो. गळती तिथूनच सुरू होते.

काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस ४५६ : २०००) ६ ते १५ घनमीटर काँक्रीटला दोन नमुने घ्यायचे आणि प्रत्येकाचे १५० मिलिमीटरचे तीन ठोकळे भरायचे. चाचणी २८ व्या दिवशी. एम २० मध्ये कोणताही नमुना १७ न्यूटनच्या खाली आला तर ते काम संशयास्पद धरतात. ठोकळे बॅचमधून कधीही घ्यावेत. आधी कळवून, खास कालवलेल्या मालाचे ठोकळे भरले तर तपासणी कागदापुरती राहते.

उन्हाळा आणि पाणी

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४० अंशांच्या वर राहतो आणि वारा कोरडा असतो. टाकताना काँक्रीट ४० अंशांपेक्षा गरम नसावे असा नियम आहे. खडी सावलीत ठेवून भिजवावी, सळई व सेंट्रिंगवर पाणी शिंपडावे, भरणे पहाटे सुरू करून उन्हे चढण्याआधी आटोपावे किंवा संध्याकाळी घ्यावे. दुपारी भरलेल्या स्लॅबवर तासा-दोन तासांत पृष्ठभागाचे पाणी उडून तिरप्या समांतर भेगा पडतात. काँक्रीट मऊ असेपर्यंत रंध्याने त्या मिटवता येतात, नंतर नाही. म्हणून फिनिशिंग होताच प्लास्टिकचा कागद अंथरावा.

पुढे आळी बांधून पाणी साठवायचे. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, पीपीसीला १०. कोरड्या उन्हाळ्यात अनुक्रमे १० आणि १४. येथे उन्हाळ्यात १४ च धरावेत. आधी घेतलेल्या हजार फुटी स्लॅबवर ५० मिलिमीटर पाणी साठवायला सुमारे ४,६०० लिटर लागतात. रोज १० मिलिमीटर उडाले तर चौदा दिवसांत आणखी १३,००० लिटर. म्हणजे १०,००० लिटरचे दोन टँकर. शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, त्यामुळे हा खर्च अंदाजपत्रकात वेगळा लिहावा. तो लिहिला नाही तर पाणी कमी पडते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी आळी कोरडी पडतात. कॉलमला गोणपाट गुंडाळून ओले ठेवावे. दिवसातून दोनदा पाइपने भिजवलेला कॉलम दुपारी पुन्हा कोरडाच असतो.

साध्या सिमेंटच्या ४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेके ७ दिवस, त्याहून मोठ्याचे १४, सहा मीटरवरच्या बीमचे २१ दिवस ठेवतात. पीपीसीला याहून जास्त.

माणसांची सुरक्षा

अपघातांत उंचीवरून पडणे मुख्य. परांचीवर पूर्ण रुंदीच्या बांधलेल्या फळ्या, मीटरभर उंच कठडा, मधली पट्टी आणि पायाशी फळी हवी. लिफ्टचे आणि डक्टचे भोक रात्रीपुरतेही उघडे ठेवू नये. शिडी वरच्या पातळीच्या मीटरभर पुढे जाऊन बांधलेली असावी.

१.५ मीटरपेक्षा खोल खड्ड्याच्या बाजूंना उतार किंवा आधार द्यावा आणि निघालेली माती काठापासून किमान दीड मीटर दूर टाकावी. भेगाळलेली काळी माती पहिल्या पावसात अख्खी कड सोडते.

नव्याने बांधलेल्या पाण्याच्या किंवा सेप्टिक टाकीचे सेंट्रिंग काढायला माणूस उतरतो आणि बेशुद्ध होतो. बंद जागेत कुजणारे लाकूड प्राणवायू खाते आणि विषारी वायूही साठतो. त्याला वाचवायला उतरलेलाही तिथेच पडतो. झाकण आदल्या दिवशी उघडून पंख्याने हवा खेळवावी, वायू तपासावा, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधून वर दोन माणसे ठेवावीत.

सळया गच्चीवर चढवताना शेजारून जाणाऱ्या विजेच्या तारा पाहाव्यात. ११ केव्ही तारेपासून इमारतीचे आडवे अंतर १.२ मीटर लागते, पण बारा मीटरची सळई उभी धरली तर ते पुरत नाही. तात्पुरत्या जोडणीला ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच लावावा.

येथे एकाच साइटवर मराठी, कन्नड, तेलुगू आणि हिंदी-उर्दू बोलणारे कामगार असतात. धोक्याची सूचना मराठी फलकावर लिहून भागत नाही. सकाळी काम सुरू होण्याआधी पाच मिनिटे ज्याच्या-त्याच्या भाषेत, मुकादमाच्या तोंडून सांगावी लागते. उन्हाळ्यात दुपारी १२ ते ४ गच्चीवरचे काम बंद ठेवणे, सावली आणि माठातले पाणी हे सुरक्षेतच मोडते.

व्यवस्थापन आणि कायदा

मजुरीचा ठेका चौरस फुटावर असेल तर घाईला बक्षीस मिळते. म्हणून हप्ते टप्प्यांना जोडावेत : पाया पाहून एक, स्लॅबचे सेंट्रिंग-सळई तपासून एक, आणि चौदा दिवस पाणी मारून झाल्यावर एक. भरण्याआधी तपासणीच्या कागदावर इंजिनियर, मिस्त्री आणि सेंट्रिंगवाला अशा तिघांच्या सह्या घ्याव्यात आणि एक जरी सही राहिली असेल तर मिक्सर चालू करू नये. साइटवर ताजाच नकाशा असावा, जुना फाडून टाकावा.

१९९६ च्या बांधकाम कामगारांविषयीच्या कायद्यांनी बांधकाम खर्चावर १ टक्का उपकर आणि कामगारांसाठी कल्याणकारी मंडळ आणले. आता या तरतुदी २०२० च्या श्रमसंहितांत घेतल्या आहेत. मंडळाच्या नोंदणीसाठी वय १८ ते ६० आणि गेल्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो दाखला ठेकेदाराने द्यायचा असतो, म्हणून हजेरीपट नीट ठेवणे हे कामगाराच्या हक्काचे काम आहे.

महारेरा, म्हणजे राज्याचे स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण, १ मे २०१७ पासून चालू आहे. नोंदणीकृत प्रकल्पात ताबा दिल्यापासून पाच वर्षांत रचनेतला दोष दिसला तर विकसकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. तेव्हा ठोकळ्यांचे अहवाल, सळईची प्रमाणपत्रे, भरल्याच्या तारखा आणि झाकण्याआधी काढलेले सळईचे फोटो लागतात. घर स्वतःचे असले तरी ही फाइल मालकाकडे असावी, कारण पुढे भिंत फोडायची किंवा मजला चढवायचा झाला तर आत काय आहे ते दुसरीकडे कुठेच लिहिलेले नसते.