घरोघरी नवजात बाळसेवा

घरोघरी नवजात बाळसेवा : बाळ जन्मल्यापासून पहिले २८ दिवस गावातल्याच प्रशिक्षित बाईने त्याच्या घरी जाऊन घेतलेली काळजी, वेळोवेळी केलेली तपासणी आणि गरज पडली तर दिलेले औषध. ही पद्धत गडचिरोली जिल्ह्यातल्या ३९ गावांमध्ये डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९५ ते १९९८ या काळात बसवली आणि पारखली. २०११ पासून ती देशभर आशा स्वयंसेविकांमार्फत राबवली जाते. आरोग्य खात्याच्या बोलण्यात तिला ‘एचबीएनसी’ (होम बेस्ड न्यूबॉर्न केअर) म्हणतात; गावात मात्र ‘बाळ बघायला आशाताई आली’ एवढेच म्हणतात.

गडचिरोली हा महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचा, जंगलाने व्यापलेला जिल्हा. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून तो वेगळा काढला गेला. बंग दांपत्याने अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि परत येऊन १९८६ मध्ये तिथे काम सुरू केले. ‘सर्च’चे पूर्ण नाव ‘सोसायटी फॉर एज्युकेशन, ॲक्शन अँड रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ’ असे आहे. त्यातला शिक्षण हा पहिला शब्द नावाला शोभा म्हणून आलेला नाही. पुढच्या सगळ्या कामाचा तोच कणा ठरला.

दवाखाना कसा हवा, हे संस्थेने आधी लोकांना विचारले. मोठ्या इमारतींची भीती वाटते, पांढऱ्या कपड्यातले डॉक्टर-नर्स पाहून कफन आठवते, आजाऱ्याबरोबर घरच्यांना राहू देत नाहीत, अशी उत्तरे आली. म्हणून १९९३ मध्ये धानोरा तालुक्यात चातगावजवळ शोधग्राम हा संस्थेचा परिसर वसवताना दवाखाना गोंडांच्या घरांसारखा, छोट्या छोट्या झोपड्यांचा बांधला आणि त्याला दंतेश्वरी मातेचे नाव दिले.

नवजात बाळांकडे वळण्याआधी संस्थेने मुलांच्या न्यूमोनियावर काम केले होते आणि शिकवण्याची खरी कसोटी तिथेच लागली. न्यूमोनिया ओळखायला एक्स-रे लागत नाही. खोकणारे मूल मिनिटाला किती श्वास घेते ते मोजले की पुरते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास साठ किंवा जास्त आणि त्याहून मोठ्या तान्ह्याचे पन्नास किंवा जास्त भरले, तर धोका समजायचा. पण गावातल्या अनेक सुईणींना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हते. दहापर्यंत मात्र सगळ्यांना येत होते. त्यावरून एक साधे उपकरण तयार झाले : लाकडी चौकटीत एका मिनिटाची वाळूची घटिका आणि तिच्याजवळ तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, पुन्हा एकपासून मोजायचे. दोन महिन्यांहून मोठ्यांच्या ओळीत चार हिरवे मणी आणि एक लाल, त्याहून लहानांच्या ओळीत पाच हिरवे आणि एक लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवावा लागला, तर न्यूमोनिया. शाळेचे तोंड न पाहिलेली सुईण यावर अचूक निदान करू लागली.

या कामाचे निष्कर्ष १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. कार्यक्रमाच्या गावांत कोट्रायमॉक्साझोल हे साधे प्रतिजैविक देऊन ६१२ मुलांवर उपचार झाले. त्यांच्यातले मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के होते. कार्यक्रम नसलेल्या, तुलनेसाठी घेतलेल्या गावांत न्यूमोनिया झालेल्यांपैकी १३.५ टक्के मुले दगावत होती. एवढे करूनही अगदी कोवळ्या, महिन्याच्या आतल्या बाळांचे मृत्यू बरेच उरले. बालमृत्यूंमधला मोठा वाटा तिथेच होता, आणि त्यावर तेव्हाचा सर्वमान्य उपाय म्हणजे बाळाला इस्पितळात हलवणे.

तो उपाय कागदावरच का राहत होता, हे पहिल्या वर्षीच्या नोंदींतून कळले. १९९५-९६ मध्ये ३९ गावांतल्या ७६३ नवजात बाळांची घरी जाऊन पाहणी झाली. त्यातली ९५ टक्के घरीच जन्मलेली होती. ४२ टक्क्यांचे वजन अडीच किलोपेक्षा कमी होते. निम्म्याहून अधिक बाळांना, म्हणजे ५४.४ टक्क्यांना, कधी ना कधी वैद्यकीय मदतीची गरज पडली. ती मिळाली फक्त २.६ टक्क्यांना. ४० बाळे गेली, आणि त्यातली बहुतेक घरातच. जंतुसंसर्ग, जन्मताच श्वास न घेणे आणि अपुऱ्या दिवसांचा जन्म ही मुख्य कारणे होती. आकडे कोरडे दिसतात, पण त्यातला प्रत्येक एकेका घरातला आहे. बाळंतिणीची खोली बंद, अंधारी, शेगडीच्या धुराने भरलेली. वार पडेपर्यंत बाळ तसेच जमिनीवर. पहिला चीक पिळून टाकलेला. बाळ मोठे झाले तर बाळंतपण अवघड जाईल, या भीतीने पोटुशीने नऊ महिने हात आखडता ठेवून खाल्लेले. यात कुणाचे मन वाईट नव्हते. सासूला तिच्या सासूने जे सांगितले तेच ती सुनेला सांगत होती.

उपाय शोधताना गावातली बाईच पुढे आली, यालाही महाराष्ट्रातच एक पूर्वपीठिका होती. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या जामखेडला समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. शिकलेल्या परिचारिका खेड्यात टिकेनात, तेव्हा त्यांनी गावातल्याच बायांना तयार केले. त्यांतल्या कितीतरी निरक्षर होत्या, अनेकजणी दलित वस्तीतल्या. आठवड्याच्या आठवड्याला जामखेडला यायचे, शिकायचे, एकमेकींना सांगायचे आणि गावात परतून करायचे, अशी ती शाळा होती. या कामासाठी आरोळे दांपत्याला १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्याकडे ‘आरोग्य कार्यकर्ती’ ही कल्पना रुजवण्यात जामखेडचा वाटा फार मोठा आहे आणि गडचिरोलीची गोष्ट सांगताना तो विसरता कामा नये.

गडचिरोलीत प्रत्येक गावातून पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेली एक बाई निवडली. तिला पुढे ‘आरोग्यदूत’ हे नाव पडले. शिक्षण एकदाच वर्गात बसवून उरकले नाही. थोडे शिकायचे, गावात जाऊन करायचे, पुन्हा येऊन जे अडले ते सोडवायचे. आधी बाळाचे वजन करणे, तापमान घेणे आणि लिहिणे. ते हातात बसल्यावर श्वास कोंडलेल्या बाळाला तोंडावर मुखवटा ठेवून हवा देणे. त्याही पुढे इंजेक्शन. दर पंधरवड्याला पर्यवेक्षक गावात येऊन तिच्या नोंदी आणि तिने पाहिलेली बाळे तपासत असे.

तिची एक भेट अशी असते. दारात चप्पल काढते. साबणाने कोपरापर्यंत हात धुते आणि ते पदराला पुसत नाही, हवेतच वाळू देते. आजीबाईंनी कितीही स्वच्छ फडके पुढे केले तरी नाही. आईला विचारते, ‘बाळ दूध ओढतंय ना? काल ओढत होतं तसंच का?’ बाळ निजलेले असतानाच मिनिटभर श्वास मोजते. मग काखेत तापमापी, मग झोळीत घालून काट्यावर वजन. नाळेशी पू आहे का, अंगावर फोड आहेत का, हातपाय ढिले पडलेत का, ते पाहते. बाळ गार लागले तर आईच्या उघड्या छातीशी लावायला सांगते. अगदी कमी वजनाच्या बाळासाठी तिच्या पिशवीत उबदार झबलीवजा थैली असते. महिन्याभरात अशा निदान आठ भेटी, आणि बाळ नाजूक असेल तर आणखी.

या पद्धतीतला सर्वांत धाडसी आणि सर्वांत वादाचा भाग होता जंतुसंसर्गाचा. नवजात बाळाच्या रक्तात संसर्ग पसरला आहे हे इस्पितळातही रक्त तपासून ठरवतात. इथे निदान आईच्या बोलण्यावर आणि आरोग्यदूताच्या नजरेवर उभे केले गेले : आधी नीट ओढणारे बाळ ओढेनासे झाले, रडणे क्षीण झाले किंवा थांबले, हातपाय लुळे पडले, अंग गार पडले किंवा तापले, पोट फुगले किंवा उलट्या होऊ लागल्या, छाती आत जाऊ लागली, बेंबीला पू झाला. यातली दोन किंवा अधिक लक्षणे एका वेळी दिसली की उपचाराला सुरुवात. आधी दवाखान्यात नेण्याचा सल्ला द्यायचा. घरच्यांनी नाही म्हटले तर त्यांची संमती घेऊन जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शन आणि तोंडाने कोट्रायमॉक्साझोल. ‘आधी ओढत होतं, आता ओढत नाही’ हे वाक्य आई कुठल्याही यंत्राच्या आधी बोलते. ते ऐकून घेणारे आणि लगेच हालचाल करणारे माणूस तिच्या दारापासून हाकेच्या अंतरावर असणे, यातच या शोधाचे मर्म आहे. उपचार सुरू होण्याआधीच्या वर्षांत संसर्ग झालेल्यांपैकी १६.६ टक्के बाळे दगावत होती; उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण २.८ टक्क्यांवर आले.

तिसऱ्या वर्षी, १९९७-९८ मध्ये, आया, आज्या आणि गरोदर बायांच्या आरोग्यशिक्षणावर जोर दिला गेला. चीक टाकू नका, लगेच पाजा, पहिल्या दिवशी आंघोळ घालू नका, पोटुशीला पोटभर वाढा. आज्यांना मुद्दाम बोलावणे हा शहाणपणाचा निर्णय होता. बाळंतिणीच्या खोलीत सत्ता त्यांची असते आणि एकदा पटले की अंमलबजावणीही त्याच करतात.

डिसेंबर १९९९ मध्ये या तीन वर्षांचा अहवाल ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. दर हजार जन्मांमागे नवजात मृत्यू ६२ वरून २५.५ वर आले होते. तुलनेच्या ४७ गावांत काही घट नव्हती, त्यामुळे फरक सुमारे ६२ टक्क्यांचा ठरला. कार्यक्रमाच्या ३९ गावांचा अर्भक मृत्युदर, म्हणजे वर्षाच्या आतल्या बाळांचा, ७५.५ वरून ३८.८ वर आला.

आक्षेपही आले आणि ते सगळे क्षुल्लक नव्हते. दहावीसुद्धा न झालेल्या बाईच्या हाती सुई द्यावी का, हा अनेक बालरोगतज्ज्ञांचा प्रश्न. गावांची विभागणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती, ही पद्धतीतली उणीव. एका ध्येयवेड्या संस्थेच्या नजरेखाली जमले ते सरकारी यंत्रणेत जमेल का, ही शंका तर आजही लागू आहे. पहिल्या दोन आक्षेपांना पुढच्या अभ्यासांनी बऱ्यापैकी उत्तर दिले. ‘अंकुर’ प्रकल्पात महाराष्ट्रातल्या सात ठिकाणी इतर संस्थांनी हीच पद्धत वापरली आणि नवजात मृत्यू ५१ टक्क्यांनी घटले. बांगलादेशात सिल्हेटला आणि उत्तर प्रदेशात शिवगडला गृहभेटींचे प्रयोग झाले. त्यांचे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्षही याच दिशेचे होते. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी संयुक्त निवेदन काढून पहिल्या आठवड्यातल्या गृहभेटींची शिफारस केली.

२०११ च्या राष्ट्रीय कार्यक्रमानुसार बाळंतपण दवाखान्यात झाले असेल तर आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट देते. घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही. सगळ्या भेटी, वजनाची व जन्माची नोंद आणि लसी पूर्ण झाल्या की तिला २५० रुपये मोबदला मिळतो. २०१८ पासून पंधराव्या महिन्यापर्यंतच्या पाच भेटींची त्यात भर पडली. इंजेक्शन मात्र आशाच्या पिशवीत आले नाही. ठराविक परिस्थितीत जेंटामायसिन देण्याची मुभा पुढे उपकेंद्रातल्या आरोग्यसेविकेला, म्हणजे एएनएमला मिळाली. सरकारची सावधगिरी समजण्यासारखी आहे. पण जिथे उपकेंद्र नदीपलीकडे असते, तिथे गडचिरोलीच्या प्रयोगाचा सर्वांत प्रभावी तुकडाच गळून पडला, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. आणखी एक गोष्ट पातळ झाली, ती पर्यवेक्षण. एका गटप्रवर्तकाकडे वीस-पंचवीस आशा असतात. शेजारी बसून बाळ तपासायला शिकवण्यापेक्षा फॉर्म गोळा करण्यात तिचा दिवस जातो. आशा स्वतः आजही ‘स्वयंसेविका’च आहे, पगारी कर्मचारी नाही, आणि त्यासाठी महाराष्ट्रातल्या आशांना वारंवार संपावर जावे लागले आहे.

दरम्यान परिस्थितीही बदलली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली ८८.६ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झालेली आढळली आणि नवजात मृत्युदर २४.९ होता. म्हणजे १९९८ साली त्या ३९ गावांनी जे गाठले होते, जवळपास तिथे देश तेवीस वर्षांनी पोहोचला. आता बाळ इस्पितळात जन्मते आणि दोन-तीन दिवसांत घरी येते. उरलेले पंचवीस दिवस मात्र पूर्वीसारखे घरातच जातात. भामरागडकडे पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की रस्ता बंद होतो. अशा दुर्गम भागांसाठी गडचिरोलीत आरोग्य केंद्राजवळ ‘माहेरघर’ उभारले गेले आहे. दिवस भरत आले की गरोदर बाई तिथे येऊन राहते आणि बाळंत होऊन परतते. ती गावात पाय ठेवते त्या दिवसापासून आशाताईच्या भेटी सुरू होतात : आधी हात धुणे, मग श्वास, मग झोळी आणि काटा.