पट्टा काढल्यावर: स्नोमोबाईल इंजिनांच्या विमानवापराची पार्श्वभूमी

घरी बांधलेल्या हलक्या विमानावर स्नोमोबाईलचं, म्हणजे बर्फावर धावणाऱ्या गाडीचं, इंजिन बसवण्याचा विषय निघाला की बोलणं लगेच अश्वशक्ती आणि वजनावर येतं. मला या प्रयोगांचा इतिहास दुसऱ्याच एका भागाभोवती फिरताना दिसतो. स्नोमोबाईलमध्ये इंजिन आणि ट्रॅक (चाकांऐवजी बर्फावर फिरणारी रुंद साखळी) यांच्यामध्ये एक रबरी पट्टा असतो. विमानात तो निघतो. त्याच्या जागी काय बसवायचं, याचीच खटपट गेली चाळीसेक वर्षं चालू आहे.

सुरुवात थोडक्यात सांगतो. १९७०च्या दशकात उत्तर अमेरिकेत हँग ग्लायडरला इंजिन लावायची हौस पसरली तेव्हा हाताशी होती गो-कार्टची आणि चेनसॉची इंजिनं. छोटा प्रोपेलर थेट क्रँकशाफ्टवर, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर, बसवला जाई. आवाज कानठळ्या बसवणारा आणि ओढ बेताची. त्याच दशकात तिथला स्नोमोबाईलचा बाजार आधी फुगला आणि मग बसला. डझनावारी उत्पादकांपैकी मोजकेच तगले आणि ४०० सीसीच्या आसपासची, दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक इंजिनं स्वस्तात मिळू लागली. १९८२ साली अमेरिकेत अल्ट्रालाइटचे, म्हणजे अतिहलक्या विमानांचे, नियम आले: एकच आसन, रिकामं वजन २५४ पौंडांपेक्षा कमी, इंधन जास्तीत जास्त ५ गॅलन, वेग ५५ नॉटपर्यंत. वैमानिकाला परवाना लागत नव्हता, इंजिनाला प्रमाणपत्र लागत नव्हतं. एवढ्या कमी वजनात बसेल आणि तीस-चाळीस अश्वशक्ती देईल असं प्रमाणित विमान-इंजिन बाजारात नव्हतंच. स्नोमोबाईलचं होतं.

अडचण फेऱ्यांची होती. दीड मीटर व्यासाचा प्रोपेलर मिनिटाला ६५०० फेऱ्यांनी फिरवला तर पात्याचं टोक सेकंदाला सुमारे ५१० मीटर वेगाने जातं, म्हणजे ध्वनीच्या दीडपट. अशा वेळी इंजिनाची बरीचशी ताकद आवाजात आणि हवा घुसळण्यात जाते. तोच प्रोपेलर २.५८ला १ या प्रमाणात हळू केला की टोकाचा वेग २०० मीटरच्या आत येतो आणि विमान खरोखर ओढलं जातं. म्हणून फेऱ्या कमी करणारी यंत्रणा हवीच, हे लवकर पटलं. आधी व्ही-पट्टे किंवा दातेरी पट्टे आणि दोन पुल्या आल्या, मग गिअरबॉक्स.

स्नोमोबाईलचा पट्टा नक्की काय काम करत होता, ते गिअरबॉक्स लावल्यावर कळलं. इंजिन आयडलिंगला असताना पट्टा ज्यावर फिरतो त्या पुलीच्या दोन तबकड्या उघड्या असतात, पट्टा सैल असतो आणि इंजिनावर भार शून्य. वेग वाढला की तबकड्या मिटतात, पट्टा पकडतो आणि प्रत्येक स्फोटाचा धक्का थोडा थोडा गिळत राहतो. प्रोपेलरला गिअरने जोडलं की ही दोन्ही सुखं गेली. प्रोपेलर जड, त्याला एकसारखं फिरायचं असतं. क्रँक मात्र प्रत्येक स्फोटाला पुढे झेपावते आणि मधल्या क्षणी मागे रेंगाळते. गिअरचे दात आधी एका अंगाने आपटतात, मग दुसऱ्या. आयडलिंगला ऐकू येणारा तो खडखडाट म्हणजे दातांवर पडणारे घाव. म्हणूनच पुढच्या गिअरबॉक्समध्ये आत धक्के शोषणारा रबराचा डँपर बसवला गेला. माझ्या मते या सगळ्या इतिहासात सर्वांत कमी कौतुक झालेली सुधारणा हीच.

आता ज्यावर सर्वांत जास्त वाद होतो तो शब्द: ‘रूपांतरित’. तो एकाच वेळी तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. पहिली, भंगारातून किंवा जुन्या गाडीतून काढलेलं इंजिन, ज्याला बांधणाऱ्याने स्वतः पट्टा, पुली आणि माउंट (इंजिन विमानाला जोडणारी चौकट) बनवले. दुसरी, उत्पादकाने स्वतःच विमानासाठी वेगळी काढलेली आवृत्ती: रोटॅक्स या ऑस्ट्रियन कंपनीची ३७७, ४४७ आणि ५०३ ही इंजिनं स्नोमोबाईलच्याच घराण्यातली, पण विमानासाठीचे गिअरबॉक्स आणि ५०३च्या बाबतीत पुढे दुहेरी इग्निशन (ठिणगी पाडणारी यंत्रणा) घेऊन कारखान्यातून आलेली. तिसरी, दुसऱ्याच कुणी बनवलेलं किट, ज्यात इंजिन स्नोमोबाईलचं जसंच्या तसं आणि फक्त गिअरबॉक्स, माउंट, वायरिंग नवं.

५०३ला ‘स्नोमोबाईलचं इंजिन’ म्हटलं की ते उडवणारे चिडतात, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. रोटॅक्सच्याच ५८२ आणि ५८३ या इंजिनांचा गोंधळ तर नेहमीचा. आकड्यात एकाचा फरक, पण ५८२ विमानासाठी बनलेलं आणि ५८३ बर्फासाठी. ५८३वर ५८२चा गिअरबॉक्स चढवून ‘तेच तर आहे’ म्हणणं चुकीचं. ५८२ सुमारे ६५०० फेऱ्यांना ६४ अश्वशक्ती देतं आणि त्याला प्रत्येक सिलिंडरमागे दोन प्लग, दोन स्वतंत्र इग्निशन. बर्फावरचं भावंड जास्त फेऱ्यांवर जास्त ताकद काढतं आणि एकाच इग्निशनवर चालतं. बर्फात इंजिन बंद पडलं तर माणूस उतरून चालू लागतो, त्यामुळे तिथे दुसऱ्या इग्निशनची गरज कुणाला भासली नाही.

तरीही दुसऱ्या बाजूचं म्हणणं, म्हणजे ही सगळी शेवटी अप्रमाणितच इंजिनं आहेत हे, मला डावलता येत नाही. हे इंजिन अचानक बंद पडू शकतं, त्यामुळे इंजिनाविना सुरक्षित उतरता येणार नाही अशा जागेवरून उडू नका, असं रोटॅक्स स्वतःच्याच पुस्तिकेत लिहिते. या टू-स्ट्रोक इंजिनांना ३०० तासांनी ओव्हरहॉल, म्हणजे पूर्ण उघडून दुरुस्ती, सांगितलेला आहे. अमेरिकेत घरी बांधलेल्या विमानांनाही प्रमाणित-अप्रमाणित हाच भेद लागू होतो: प्रमाणित इंजिन-प्रोपेलर जोडी असेल तर चाचणी-उड्डाणं साधारण २५ तास, नसेल तर ४० तास. या हिशेबात ५०३ आणि भंगारातलं इंजिन एकाच रांगेत उभी राहतात. कागदावर रांग एकच असली तरी दोघांच्या पोटात बराच फरक आहे, आणि एकच शब्द वापरून तो पुसू नये असं मला मनापासून वाटतं.

टू-स्ट्रोक इंजिनाची खोड उघडलेल्या पिस्टनवर दिसते. थंड इंजिन सुरू करून लगेच पूर्ण थ्रॉटल दिलं की पिस्टन सिलिंडरपेक्षा आधी फुगतो आणि चार कोपऱ्यांवर घासतो. पिस्टनच्या अंगावर चार उभे ओरखडे उमटतात. दुसरी वेळ उतरतानाची. थ्रॉटल अर्धवट, विमान खाली जातंय, प्रोपेलरवरचा भार हलका झालाय, इंधन-हवेच्या मिश्रणात इंधन कमी पडतंय आणि एक्झॉस्टचं तापमान वर चढतंय. बर्फावर अशी लांबलचक, हलक्या भाराची उतरण क्वचितच येते. म्हणून इंधनाचं प्रमाण ठरवणारी कार्ब्युरेटरची जेट आणि सुई नव्याने जुळवावी लागते, आणि एक्झॉस्टच्या तापमानाचा काटा कॉकपिटमध्ये असावाच लागतो. थंडाव्याचंही तसंच: पाण्याने थंड होणाऱ्या स्नोमोबाईलची उष्णता ट्रॅकने उडवलेल्या बर्फावर सोडली जाते, विमानात त्यासाठी रेडिएटर लागतो.

१९८०च्या दशकाअखेर विमानासाठीच घडवलेलं, चार सिलिंडरचं, ८० अश्वशक्तीचं फोर-स्ट्रोक रोटॅक्स ९१२ आलं आणि स्नोमोबाईलचा अध्याय संपला असं बऱ्याच जणांना वाटलं. तो पुन्हा उघडला यामाहामुळे. २००३च्या मॉडेल-वर्षात आलेल्या आरएक्स-१ या स्नोमोबाईलमध्ये मोटारसायकलच्या घराण्यातलं ९९८ सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन होतं. त्यामागून एपेक्स आली: इंधन-इंजेक्शन, सुमारे १५० अश्वशक्ती, क्रँक दहा हजारांच्या वर फिरणारी. मग १०४९ सीसीचं तीन सिलिंडरचं नायट्रो. आखूड धावपट्टीवरून उठणाऱ्या विमानांना ही ताकद फार मानवली.

आणि पुन्हा प्रश्न तोच: पट्ट्याच्या जागी काय? एका गटाने इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये सेंट्रिफ्यूगल क्लच, म्हणजे फेऱ्या वाढल्या की आपोआप पकडणारा क्लच, घातला. आयडलिंगला प्रोपेलर स्थिर राहतो, खडखडाट होतच नाही, आणि ठरावीक फेऱ्यांनंतर क्लच पकडतो. म्हणजे स्नोमोबाईलच्या पुलीचं अर्धं काम परत आणलं गेलं. दुसऱ्या गटाने क्लच टाळून रबरी कपलिंगवर भर दिला. एक झिजणारा भाग कमी, हा त्यांचा मुद्दा. माझा कल क्लचकडे आहे, कारण गिअरच्या दातांना खरा मार आयडलिंगलाच बसतो.

यामाहाने २०२३ साली स्नोमोबाईलचा व्यवसाय थांबवत असल्याचं जाहीर केलं. उत्तर अमेरिकेसाठी २०२५ हे शेवटचं मॉडेल-वर्ष ठरलं. एपेक्स आणि नायट्रोची इंजिनं आता जुन्या गाड्यांतूनच काढावी लागतात, आणि बांधणाऱ्यांची नजर रोटॅक्सच्या ९०० एसीई या तीन सिलिंडरच्या फोर-स्ट्रोककडे वळली आहे. त्याच्याही पुढच्या टोकाला स्नोमोबाईलमध्ये पट्टाच असतो.