बबेसिया की एर्लिकिया? कुत्र्यांच्या गोचीडतापातला फरक

ताप आहे, कुत्रा जेवत नाही, अंगावर गोचिडी सापडल्या आणि रक्तात प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी आल्या. एवढ्यावर ‘गोचीडताप’ ठरवून डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सुरू करतात. पण हा ताप गोचिडीतून येणाऱ्या एर्लिकियाचा किंवा बबेसियाचा असू शकतो. एर्लिकिया असेल तर औषध योग्यच. पण बबेसिया एकट्या डॉक्सिसायक्लिनने हटत नाही, आणि तोवर तांबड्या पेशी फुटत राहतात. प्लेटलेट दोन्हींत घटतात, त्यामुळे त्या आकड्यावरून निवाडा करू नये.

बबेसिया हा एकपेशीय परजीवी. तो तांबड्या पेशीत शिरतो, वाढतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो. म्हणून हिरड्या पांढुरक्या पडतात, कधी कावीळ होते, लघवी काळ्या चहासारखी येते. लघवी पांढऱ्या कापसावर टिपून बघा, फरशीवर रंग नीट कळत नाही. असा रंग दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

एर्लिकिया हा जिवाणू, पांढऱ्या पेशींत राहणारा. यात घोळणा फुटतो, पोटाच्या कातडीवर बारीक लाल ठिपके उठतात, डोळे लाल किंवा धुरकट होतात. सुरुवातीचा ताप आपोआप उतरतो आणि फसगत होते: कुत्रा महिनोन्‌महिने ठणठणीत दिसतो. पुढे काहींच्या अस्थिमज्जेवर आघात होऊन सगळ्याच रक्तपेशी घटतात. त्या टप्प्यावर उपचारांना यश कमी येते.

बबेसियासाठी कानाच्या टोकाचा रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यावा, तोही औषध देण्याआधी. शिरेतल्या रक्तापेक्षा तिथे परजीवी सापडण्याची शक्यता जास्त. एर्लिकिया काचपट्टीवर क्वचितच दिसतो. त्यासाठी पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) किंवा प्रतिपिंड चाचणी (शरीराने जंतूविरुद्ध बनवलेली प्रथिने शोधणारी) लागते. प्रतिपिंडे तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या आठवड्यातल्या निगेटिव्हवर विसंबू नका.

एर्लिकियाला डॉक्सिसायक्लिन दर किलो वजनामागे दिवसाला 10 मिलिग्रॅम, पूर्ण 28 दिवस. गोळी कोरडी देऊ नये. अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते. वर पाणी पाजा. बबेसियाच्या मोठ्या आकाराच्या जातींना इमिडोकार्बचे इंजेक्शन, दर किलोमागे 6.6 मिलिग्रॅम, 14 दिवसांनी पुन्हा. लाळ गळणे, उलटी टाळण्यासाठी आधी ॲट्रोपिन देतात. बबेसिया गिब्सोनी ही लहान आकाराची जात मात्र इमिडोकार्बला दाद देत नाही. तिला ॲटोव्हाक्वोन आणि ॲझिथ्रोमायसिन एकत्र 10 दिवस द्यावे लागतात, आणि ॲटोव्हाक्वोन स्निग्ध अन्नासोबतच, नाहीतर ते अंगात नीट शोषले जात नाही.

ताज्या एर्लिकियात औषध सुरू झाल्यावर 48 तासांत कुत्र्यात फरक दिसायला हवा. नाही दिसला तर डोस वाढवत बसू नका, बबेसिया तपासा. दोन्ही रोग एकाच वेळी असणे मुळीच दुर्मीळ नाही. बरे झाल्यावरही प्रतिपिंड चाचणी कित्येक महिने पॉझिटिव्ह राहते. कुत्रा खेळता-खाता असेल आणि प्लेटलेट नॉर्मल असतील तर केवळ या चाचणीवरून पुन्हा गोळ्या सुरू करू नयेत.