हत्ती-गव्यांनी पीक खाल्लं, तर भरपाईचा अर्ज कसा करायचा? (खानापूर-बेळगाव भागासाठी)

सुगीच्या तोंडावर आमच्या खानापूर तालुक्यात बोलायला दोनच विषय असतात: पाऊस कधी उघडणार आणि हत्ती कुठवर आला. रात्रभर डबे वाजवायचे, फटाके उडवायचे, सकाळी आडवं झालेलं भात बघत बांधावर उभं राहायचं. आणि मग? बहुतेक जण घरी येऊन चहा पितात. "चार पैशांसाठी कोण वनखात्याच्या रेंज ऑफिसच्या पायऱ्या झिजवणार?" हे उत्तर ठरलेलं.

मला ते पटत नाही, आणि कारण नुसतं पैशाचं नाही. अर्ज नाही, तर कागदावर हत्ती आलाच नाही. कुठल्या शिवारात, कुठल्या महिन्यात, कुठलं जनावर उतरलं याची नोंद तुमच्या अर्जाने होते. पुढे चर मारायचा, गस्त वाढवायची किंवा जनावरांची वाट मोकळी ठेवायची, तर मागणीला आधार लागतो तो याच कागदाचा. अर्ज न करणाऱ्याचा राग शेवटी कुंपणात सोडलेल्या करंटवर जातो, आणि त्यात जनावर मरतं, कधी पहाटे पाणी पाजायला गेलेला शेजारीही.

आपला भाग कुठे आहे ते एकदा नकाशात बघा. तालुक्याच्या पोटातच भीमगड अभयारण्य, 190.42 चौरस किलोमीटर, डिसेंबर 2011 मध्ये जाहीर झालेलं. खाली दांडेलीकडे काळी व्याघ्र प्रकल्प, पश्चिमेला गोव्याचं म्हादई अभयारण्य, वर महाराष्ट्रातलं चंदगड-तिलारीचं रान. आमगावसारख्या गावात 2010 साली 10,000 मिलिमीटरच्या वर पाऊस मोजला गेला, म्हणजे जंगल कसलं दाट असेल ते सांगायला नको. याच पट्ट्यातून 2002 साली हत्ती तिलारीत उतरले. सीमाप्रश्न आपल्याला सुटला नाही, हत्तींनी तो कधीच निकालात काढलाय!

आता अर्जाचं.

अर्ज करता येतो तो हत्ती, गवे, रानडुक्कर अशा जंगली जनावरांनी केलेल्या नुकसानीसाठी. माकडा-वानरांचं काय, हे आधी तुमच्या रेंज ऑफिसात विचारून घ्या. जमीन तुमच्या नावावर हवी. जंगलात अतिक्रमण करून केलेल्या शेतीला भरपाई मागायला जाऊ नका, उलट नोटीस हातात पडायची. अभयारण्यातल्या गावांत वनहक्काचं हक्कपत्र मिळालेलं असेल, तर त्याची प्रत जोडा. वाट्याने शेती करत असाल, तर अर्ज मालकाच्या नावाने करा आणि पैसे कसे वाटायचे ते दोघांत आधी लिहून ठेवा. नंतरची भांडणं हत्तीपेक्षा जास्त नुकसान करतात.

कागद फार नाहीत: चालू वर्षाची पहाणी (म्हणजे आपल्याकडचा सातबारा), आधार, आधार जोडलेल्या बँक खात्याच्या पासबुकाचं पहिलं पान, पासपोर्ट फोटो, नुकसानीचे फोटो आणि फ्रूट्स नंबर. हा नंबर म्हणजे शेतकऱ्याची सरकारी नोंदणी. नसेल तर रयत संपर्क केंद्रात काढून मिळतो.

खरं घोडं अडतं ते पहाणीत. कॉलम 9 मध्ये मालकाचं नाव असतं आणि आपल्याकडे निम्म्या पहाण्यांवर अजून आजोबा जिवंत आहेत! वारसा चढवलेला नसेल, तर आधी तलाठ्याकडे आणि नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयात, ते काम करा. सामाईक खातं असेल, तर बाकीच्या भावांचं संमतीपत्र ठेवा. दुसरी गोम स्पेलिंगची. पहाणी कन्नडमध्ये, शाळेचा दाखला मराठीत, आधार इंग्रजीत. तीन ठिकाणी तीन नावं. एका कार्यालयात माझा स्वतःचा अर्ज केवळ आडनावातल्या एका अक्षरावरून परत आला होता. तेव्हापासून मी दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र फाईलमध्येच ठेवतो. तिसरी गोष्ट, कॉलम 12 मधलं पीक. शेतात ऊस आणि पहाणीत भात असेल, तर पंचनाम्याला आलेला माणूस तरी काय लिहिणार? पीक समीक्षेच्या, म्हणजे कन्नडातल्या 'बेळे समीक्षे'च्या वेळी आपलं पीक नीट नोंदलं गेलंय का ते बघा.

नुकसान दिसलं की पहिलं काम फोटो. कापणी, नांगरणी, साफसफाई काही करू नका. लांबून पूर्ण शेत, मग बांध किंवा ओळखीचं झाड दिसेल असा एक, मग जवळून मोडलेलं पीक, पावलं, शेण, लीद. मोबाईलमध्ये तारीख आणि ठिकाण उमटणारं कॅमेरा ॲप घ्या. पावलाचा फोटो काढताना बाजूला खुरप्याची मूठ किंवा काठी ठेवा, म्हणजे माप कळतं. हत्तीच्या पुढच्या पावलाचा घेर दुप्पट केला की साधारण त्याची खांद्यापर्यंतची उंची निघते, त्यामुळे तो फोटो वाया जात नाही. पिल्लू होतं की टस्कर, म्हणजे सुळेवाला नर, याचाही गार्डला (वनरक्षकाला) त्यावरून अंदाज येतो.

फोटो झाले की त्याच दिवशी गार्डला फोन. रात्री शेतात जनावर असेल, तर वनखात्याची हेल्पलाईन 1926. मग लेखी अर्ज तुमच्या हद्दीच्या रेंज ऑफिसात: खानापूर, लोंढा, नागरगाळी, कणकुंबी, गोलिहळ्ळी, किंवा भीमगड वन्यजीव विभाग. हद्द कुठली ते गार्डच सांगेल. वनखात्याची 'ई-परिहार' ही ऑनलाईन व्यवस्थाही आहे. स्वतःला जमत नसेल, तर ग्राम वन केंद्रात चौकशी करा. नाव ऐकून जंगलाचं काही वाटेल, पण हे 'वन' म्हणजे इंग्रजीतलं एक. कुठेही द्या, पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे गप्पा.

त्यानंतर वनपाल किंवा गार्ड शेतात येऊन महजर, म्हणजे पंचनामा करतो. त्या वेळी हजर राहा. किती गुंठे गेले हे मोजताना टेप तुम्हीही धरा. हत्ती खातो त्यापेक्षा तुडवतो जास्त, तेव्हा तुडवलेला भाग वेगळा दाखवा. रताळ्याच्या वावरात डुकरांनी उकरलेली जागा चार दिवसांत पावसाने सपाट होते, तिथे तर उशीर चालतच नाही. कन्नड वाचता येत नसेल, तर सही करण्याआधी कुणाकडून तरी वाचून घ्या. क्षेत्र कमी लिहिलेलं असेल, तर तिथेच हरकत नोंदवा. रक्कम पिकाप्रमाणे सरकारी दराने ठरते आणि थेट खात्यात जमा होते. बाजारभाव मिळेल अशी आशा ठेवू नका. 2022 च्या शेवटी हे दर दुप्पट झाले, तरी सगळं नुकसान भरून निघत नाही हे खरंच आहे.

गाय-म्हैस मारली गेली असेल, तर मढं हलवू नका, पुरू नका, त्यावर विष तर बिलकुल टाकू नका. पशुवैद्याचा दाखला आणि वनखात्याचा पंचनामा दोन्ही लागतात. माणूस दगावला तर 2022 मध्ये साडेसात लाखांवरून 15 लाख केलेली मदत 2025 च्या राज्य अर्थसंकल्पात 20 लाख करण्याची घोषणा झाली. जखमी माणसाच्या बाबतीत दवाखान्याची सगळी बिलं आणि पोलीस ठाण्यातली नोंद जपून ठेवा.

अर्जाची भाषा हा आपला जुना दुखरा विषय. घटनेचं कलम 350 सांगतं की गाऱ्हाणं राज्यात किंवा देशात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतं, म्हणजे मराठी अर्ज नाकारता येत नाही. माझा सल्ला मात्र व्यवहाराचा आहे: मराठी अर्जाला कन्नड प्रत जोडा. हक्क तुमचा राहतो आणि फाईलही टेबलावरून हलते.

दोन-तीन महिने काहीच हाललं नाही, तर पोच घेऊन सहायक वनसंरक्षकांना, मग बेळगावच्या उपवनसंरक्षकांना लेखी स्मरणपत्र द्या. तरीही गप्प असतील, तर 10 रुपये भरून माहिती अधिकारात विचारा, "माझ्या अमुक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली?" कर्नाटकात असा अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत लागतो, तेव्हा मागच्या दहा वर्षांची तक्रार त्यात कोंबू नका. उत्तर 30 दिवसांत यायला हवं.

करंटच्या तारेबद्दल एवढंच. हत्ती आणि गवा हे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या शिकारीला किमान 3 वर्षं कैद, 7 वर्षांपर्यंत वाढणारी, आणि किमान 25,000 रुपये दंड. वीजचोरीचा गुन्हा वेगळा. भरपाईचा अर्ज केलेल्याच्या शेतात अशी तार सापडली, तर तो अर्ज कुणी वाचणारही नाही.

पैसे जमा झाले तरी फाईल टाकून देऊ नका. पुढच्या सुगीला तोच हत्ती त्याच बांधावरून आला, तर गेल्या वर्षीचा पंचनामा तुमच्या नव्या अर्जाला जोडायचाय.