दोन चंद्रांची रात्र आणि गळालेली दुर्बीण

'२७ ऑगस्टला मंगळ चंद्राएवढा दिसणार, आकाशात दोन चंद्र!' हा मेसेज गेली कित्येक वर्षं फिरतोय. तसं दिसत नाही. पण तो निव्वळ थापही नाही.

२७ ऑगस्ट २००३ रोजी मंगळ खरोखरच पृथ्वीच्या खूप जवळ, सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला होता. तेव्हाच्या मजकुराचा अर्थ असा होता: ७५ पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून मंगळ, नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा दिसेल. पुढे ढकलता ढकलता दुर्बीण गळाली, साल गळालं, तारीख तेवढी राहिली.

हिशेब करून बघा. मंगळ चंद्राच्या जवळपास दुप्पट रुंद. पण त्या रात्रीही तो आपल्यापासून चंद्रापेक्षा सुमारे १४५ पट दूर होता. म्हणजे दिसायला चंद्रापेक्षा सत्तरेक पट लहान, एक तांबूस ठिपका. शिवाय पृथ्वी आणि मंगळ साधारण २६ महिन्यांनी जवळ येतात, त्यामुळे दरवर्षी तीच तारीख जमणार कशी?

कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या काठावर उभं राहून हात लांब करा, करंगळी चंद्रावर धरा. अख्खा चंद्र झाकला जातो. आता त्या चंद्राच्या रुंदीत सत्तर ठिपके ओळीनं मांडायचे. त्यातला एक मंगळ. ओळखीतल्या कुणा हौशी निरीक्षकाकडे ७५० मिलिमीटर नाभीय अंतराची (भिंगापासून प्रतिमा स्पष्ट उमटते तिथपर्यंतचं अंतर) दुर्बीण असेल तर १० मिलिमीटरची नेत्रिका (डोळा लावतो ते भिंग) लावायला सांगा, ७५० भागिले १०, बरोबर ७५ पट होतं.

फक्त ऑगस्टात जाऊ नका. कोल्हापूरच्या त्या पावसात मंगळ राहू द्या, चंद्रसुद्धा दिसायची मारामार.